यंत्राची परीक्षा चिमूटभर मिठाने

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटले की घरात सगळे ओळखतात, हवा दमट झाली. ठाण्याच्या खाडीजवळच्या बोनकोडे गावाला हे काय सांगायचे! १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे नवी मुंबई उभी राहिली, भातखाचरांच्या जागी इमारती आल्या. खाडीचा दमट वारा मात्र तसाच येतो.

तुमच्या घरातही दाणे असतील, बियाणे असेल. आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि ते पेरणीच्या तोंडावर कळून काय उपयोग? काही शे रुपयांत काड्यापेटीएवढे बिनतारी यंत्र मिळते. ते उष्णता व आर्द्रता मोजून आकडा मोबाइलवर धाडते. पत्र्याच्या कोठीत मात्र ठेवू नका. पत्रा रेडिओलहरी अडवतो. कोठीशेजारी ठेवा.

पण स्वस्त यंत्रावर लगेच विसंबू नका. चार-पाच टक्क्यांची चूक सहज असते. बाटलीच्या झाकणात पुडीतले बारीक मीठ घ्या. खडेमीठ नको, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा. वर पाणी साचू देऊ नका. झाकण आणि यंत्र, एकमेकांना न टेकवता, प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ हवा. मिठाच्या ओल्या लगद्यावरची कोंडलेली हवा तिथेच स्थिरावते. ८० दिसला, तर पुढे दर वेळी ५ वजा करा. ही वजाबाकी यंत्राच्या पाठीवर लिहून ठेवा, म्हणजे घरात कुणीही वाचले तरी हिशेब चुकणार नाही.