पावसाळा, ताप आणि डॉक्सीसायक्लिन

मुंबईत पाणी तुंबलं की महापालिकेच्या आरोग्य खात्याकडून ठरलेली सूचना येते: साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा आणि लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून औषध घ्या. २६ जुलै २००५च्या पुरानंतर या आजाराने शहरात बळी घेतले, तेव्हापासून हे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसलं. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले जिवाणू पायाच्या छोट्याशा ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. बचावासाठीचं औषध बहुधा डॉक्सीसायक्लिन. पण सूचना नीट वाचली तर ते सगळ्यांना सारखं नाही, हे लक्षात येतं. पायाला जखम नसलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅम एकदाच, जखम असेल तर तेवढंच रोज एकदा असं तीन दिवस. आणि गर्भवती किंवा आठ वर्षांखालचं मूल असेल तर हे औषधच नाही, त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन. जिवाणू तोच, पाणीही तेच. माणूस बदलला की औषध, डोस आणि दिवस बदलले. अँटिबायोटिक सुरक्षितपणे घेण्याचं मर्म मला इथेच दिसतं. डॉक्टरांची चिठ्ठी त्या माणसासाठी, त्या आजारापुरती आणि त्या दिवसांपुरती असते. ती शेजाऱ्याला देता येत नाही आणि पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवताही येत नाही.

आपल्याकडे गडबड होते ती ताप आल्यावर. पावसाळ्यातल्या तापामागे लेप्टो असू शकतो, तसाच डेंग्यू, मलेरिया किंवा साधा फ्लूही. डेंग्यू आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर कोणतंही अँटिबायोटिक चालत नाही. तरीही गेल्या खेपेच्या पाकिटात उरलेल्या चार गोळ्या घेतल्या जातात, तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरतो आणि श्रेय गोळीला मिळतं. ताप डेंग्यूचा असेल तर धोका वेगळाच. डेंग्यूत ताप उतरण्याचे दिवसच जपण्याचे असतात, आणि ‘गोळी लागू पडली’ या समाधानात ते निघून जातात. उलट, प्रतिबंधक डोस घेतला म्हणून लेप्टो होणारच नाही, अशी हमीही नाही. पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, लघवी कमी होतेय, अशी लक्षणं तापासोबत दिसली तर आधी गोळी घेतलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

गोळी योग्य असली तरी घ्यायची पद्धत चुकली तर त्रास होतो. डॉक्सीसायक्लिन अंथरुणात पडल्या पडल्या घोटभर पाण्याबरोबर घेतली तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. मग गिळताना छातीत कळ येते. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं औषध यांच्यापासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर औषध पोटात बांधलं जातं आणि रक्तात पुरेसं उतरतच नाही. ही गोळी चालू असताना त्वचा उन्हाने लवकर भाजते, हेही शेतात किंवा रस्त्यावर काम करणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नसतो. कोणत्याही अँटिबायोटिकनंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर गोळी थांबवून थेट दवाखान्यात जायचं. पूर्वी कधी ॲलर्जी झाली होती का, रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं.

‘कोर्स पूर्ण करा’ या जुन्या सल्ल्यावर अलीकडे शंका घेतली जाते, आणि ती निराधार नाही. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की कोर्स लवकर थांबवल्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात, याला फारसा पुरावा नाही, गरजेपेक्षा जास्त दिवस घेण्यातच तो धोका अधिक. मग बरं वाटताच थांबावं का? नाही, कारण दिवस आजारावर ठरतात. सुधारणा होत असेल तर प्रौढाच्या साध्या न्यूमोनियाला बऱ्याचदा पाच दिवस पुरतात. स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीत पेनिसिलिन साधारणपणे दहा दिवस देतात, कारण पुढे हृदयाच्या झडपांना इजा करणारा संधिवाताचा ताप टाळायचा असतो. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात औषधं सहा महिने चालतात, आणि रुग्णाला बरं वाटायला लागतं ते त्याच्या कितीतरी आधी. लवकर थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं; मनाने ठरवू नये.

यावर खरा आक्षेप पैशांचा आहे. दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते, फी वेगळी. मेडिकलवाला गोळ्या लगेच देतो. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि नुसती जागृती करून ते सुटणारही नाही. संध्याकाळी उघडे राहणारे सरकारी दवाखाने जास्त हवेत. कायदा मात्र स्पष्ट आहे. मार्च २०१४पासून ‘एच-१’ यादीतली अनेक अँटिबायोटिक्स विकताना दुकानदाराला रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवावं लागतं, आणि ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. वही न उघडता गोळ्या हातात येतात तेव्हा ॲलर्जी, गर्भारपण, चालू औषधं यांतलं काहीच विचारलं गेलेलं नसतं. दुसरा आक्षेप डॉक्टरांवरचा: तेच सर्दीला अँटिबायोटिक लिहितात. लिहितात, आणि त्यात ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणणाऱ्या आपलाही वाटा आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे. म्हणून चिठ्ठी हातात घेताना विचारावं: हा ताप जिवाणूंचा आहे असं कशावरून वाटतं, तपासणी करावी का, किती दिवस घ्यायचं, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर परत कधी येऊ?