रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांनी एच.आर.टी. : निवड कशी करावी?

रजोनिवृत्ती ही व्याधी नव्हे, वयाची एक अवस्था आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात रजःप्रवृत्तीचा आरंभ बाराव्या वर्षी आणि तिचा क्षय पन्नाशीच्या सुमारास सांगितला असून, तो जरेमुळे पक्व झालेल्या शरीराचा स्वभाव मानला आहे. आधुनिक व्याख्येनुसार सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. त्यानंतर स्त्री आणखी पंचवीस-तीस वर्षे जगते. या दीर्घ काळातील तक्रारींचा विचार मात्र आपल्याकडे फारच थोडा होतो.

पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेली स्त्री आपल्याकडे येते ती अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, लघवीला जळजळ, योनीतील कोरडेपणा किंवा हाडे दुखणे अशा तक्रारी घेऊन. एखादीने हॉर्मोनच्या गोळ्यांविषयी कुठेतरी ऐकलेले असते. "आता सुरू केल्या तर चालेल का?" हा प्रश्न ती कधी वैद्याला विचारते, तर कधी थेट औषधांच्या दुकानात. याचे उत्तर सरसकट "हो" असे नाही आणि सरसकट "नाही" असेही नाही. ते कसे शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

काळाला एवढे महत्त्व का?

हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी अर्थात एच.आर.टी.बद्दलची भीती जगभर पसरली ती जुलै २००२ मध्ये. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाचा एक भाग तेव्हा मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांचा समावेश होता. ०.६२५ मिलिग्रॅम कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन व २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन अशी एकत्रित गोळी घेणाऱ्या गटात, दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसातील गुठळीचे ८ आणि स्तनकर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले. खुब्याचे हाड मोडण्याच्या घटना ५ ने आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण ६ ने कमी झाले.

या आकड्यांसोबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या स्त्रियांचे वय ५० ते ७९ होते आणि सरासरी वय ६३. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांना औषध सुरू झाले तेच रजोनिवृत्तीनंतर अनेक वर्षांनी. २००७ मध्ये याच माहितीचे पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा लवकर सुरुवात करणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. जितका उशीर, तितका तो वाढत गेला. पक्षाघाताचा धोका मात्र सुरुवात केव्हा केली यावर अवलंबून नव्हता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एलिट' चाचणीत ६४३ स्त्रियांपैकी, रजोनिवृत्तीला सहा वर्षांहून कमी काळ झालेल्यांच्या मानेतील रोहिणीची भिंत इस्ट्रॅडिऑलमुळे कमी वेगाने जाड झाली. दहा वर्षे उलटून गेलेल्यांना हा लाभ मिळाला नाही.

आपल्याला यात नवल वाटू नये. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्षेत वय हा स्वतंत्र परीक्ष्य भाव आहे. एकच द्रव्य निरोगी रक्तवाहिनीत एक कार्य करते आणि जीर्ण झालेल्या वाहिनीत दुसरे. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेले सूत्र असे : वय साठच्या आत किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षांच्या आत असेल आणि तक्रारी त्रासदायक असतील, तर लाभ धोक्याहून अधिक. त्यापुढे पारडे फिरते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकटीतील अनेक इशारे काढण्याची प्रक्रिया जाहीर केली. त्यामुळे ही औषधे सर्वांसाठी निर्धोक ठरली, असा अर्थ कोणी घेऊ नये. गर्भाशय असलेल्या स्त्रीने केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हा इशारा त्यातही कायम ठेवण्यात आला आहे.

"पिशवी काढली" म्हणजे नेमके काय काढले?

काळ मोजायचा तर रजोनिवृत्तीचे वर्ष ठाऊक हवे. येथेच आपल्या राज्यात मोठी अडचण उभी राहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्यासमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या धानाच्या पट्ट्यात ऊसतोड नसली, तरी "पिशवी काढली" असे सांगणारी रुग्णा आपल्यालाही अपरिचित नाही.

बीजकोष काढले की ठेवले, हे तिला बहुधा सांगता येत नाही. ते ठेवले असतील, तर पाळी थांबूनही रजोनिवृत्ती पुढे कधीतरी येते. ते काढले असतील, तर त्याच दिवशी आली. पस्तिसाव्या वर्षी बीजकोष काढलेली स्त्री आज सत्तेचाळिशीची असेल, तर केवळ "बारा वर्षे झाली" म्हणून तिला नकार देणे योग्य नव्हे. तिचे शरीर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयात आत्ता पोहोचत आहे आणि इस्ट्रोजेनच्या अभावाचा काळ तिच्या हाडांनी व हृदयाने आधीच भोगला आहे. तिचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञाने स्वतंत्रपणे करावयाचा आहे. म्हणून जुने डिस्चार्ज कार्ड मागवावे; ते नसल्यास सोनोग्राफी करून घ्यावी.

गोंदिया जिल्ह्यातील दोन विशेष बाबी

पहिली बाब सिकलसेलची. पूर्व विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलच्या रुग्णांत रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती मुळातच अधिक असते, आणि तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना रक्त गोठविणारे घटक वाढविते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानातील तपासणी मुख्यतः चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींसाठी आहे. आपली पंचावन्न-साठ वर्षांची रुग्णा त्यातून सुटलेली असण्याचा संभव मोठा. म्हणून हॉर्मोनचा विषय निघताच सिकलसेलची तपासणी सांगावी.

दुसरी बाब हत्तीरोगाची. हत्तीरोगप्रवण जिल्ह्यात एक पाय सुजला, की घरचे लोक आणि कधी कधी आपणही हत्तीपायाचीच शंका घेतो. एच.आर.टी. घेणाऱ्या स्त्रीच्या एकाच पोटरीला अकस्मात सूज व वेदना आली, तर ती खोल शिरेतील गुठळी असू शकते. अशा वेळी लेप, मर्दन किंवा स्वेदन करू नये. त्याच दिवशी डॉप्लर तपासणीसाठी पाठवावे.

तक्रारीनुसार योजना

कोणती गोळी द्यावी यापेक्षा ती कशासाठी हवी, हा प्रश्न आधीचा आहे.

केवळ योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी वेदना किंवा लघवीचा वारंवार होणारा संसर्ग एवढीच तक्रार असेल, तर संपूर्ण शरीरात जाणाऱ्या हॉर्मोनची गरज नाही. योनिमार्गात लावावयाचे इस्ट्रिऑल क्रीम, ०.५ मिलिग्रॅम मात्रेत, आरंभी दोन-तीन आठवडे रोज व नंतर आठवड्यातून दोनदा, हे पुरेसे ठरते. या अल्प मात्रेत प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही आणि दहा वर्षांची मर्यादाही आड येत नाही. पाळी जाऊन किती का वर्षे होईनात, या स्त्रीला आराम मिळू शकतो. ती मात्र आपण होऊन बोलत नाही. "मावशी, लघवीला आग होते का, आत कोरडे वाटते का?" असे वैद्याने किंवा दवाखान्यातील स्त्री सहकाऱ्याने विचारल्याशिवाय तक्रार समोर येत नाही. परिणामी वर्षानुवर्षे मूत्रल औषधे आणि प्रतिजैविके चालू राहतात.

वाफांचा त्रास तीव्र असेल आणि दहा वर्षे उलटून गेली असतील, तर निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाचा. तरीही त्यामागील तर्क आपल्याला ठाऊक असावा. गोळीपेक्षा त्वचेवरील जेल किंवा पॅच श्रेयस्कर, कारण ते औषध प्रथम यकृतात जात नाही. फ्रान्समधील 'एस्थर' अभ्यासात (२००७) तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गुठळीचा धोका वाढलेला आढळला, त्वचेवाटे घेणाऱ्यांत आढळला नाही. मात्रा किमान ठेवावी. गर्भाशय असेल, तर मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रोज रात्री १०० मिलिग्रॅम अशी अखंड योजना केली जाते. चक्राकार योजनेने पुन्हा रक्तस्राव सुरू होतो आणि या वयात तो कोणालाच नको असतो. टिबोलोन हे सौम्य समजून सुचविले जाते. परंतु ६० ते ८५ वयाच्या स्त्रियांवरील 'लिफ्ट' चाचणी पक्षाघाताचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढल्याने २००६ मध्ये थांबवावी लागली.

केवळ हाडांसाठी, हृदयासाठी किंवा स्मरणशक्तीसाठी साठीनंतर एच.आर.टी. सुरू करू नये. हाडांच्या ठिसूळपणावर अन्य औषधे उपलब्ध आहेत. स्मृतीच्या बाबतीत तर ६५ वर्षांवरील स्त्रियांत एकत्रित गोळीने स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुप्पट झाल्याचे २००३ मध्येच दिसून आले.

स्तनकर्करोग, पूर्वीची गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, सक्रिय यकृतविकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काहीही असेल, तर संपूर्ण शरीरात जाणारी एच.आर.टी. वर्ज्य समजावी. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, मग तो एक डाग का असेना, "उष्णता वाढली" म्हणून सोडून देऊ नये.

आयुर्वेदीय चिकित्सेचे स्थान

या वयात वातप्राधान्य असते. अभ्यंग, बला तैलाचा योनिपिचु, शतावरी, अश्वगंधा, लाक्षादि गुग्गुळ यांचा आपण प्रकृती पाहून उपयोग करतोच. मात्र शतावरी हॉर्मोनची जागा भरून काढते, असे सांगण्याइतका पुरावा नाही. स्तनकर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीस ती कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नये. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, हे उच्च रक्तदाबाच्या रुग्णेत विसरू नये. पिचु आणि इस्ट्रिऑल क्रीम एकाच वेळी योजू नयेत. रुग्णा काय काय घेते याची नोंद दोन्ही चिकित्सकांच्या कागदावर असावी.

औषधविक्रेत्यांना विनंती

तीन-चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर हॉर्मोनच्या गोळ्या पुन्हा देऊ नयेत. चिठ्ठी लिहिली तेव्हा रुग्णा सत्तावन्न वर्षांची असेल, तर आज ती साठी ओलांडून गेलेली असते आणि तीच गोळी आता तिच्यासाठी वेगळी असते. "पाळी गेल्यावर हमखास गुणकारी" अशा पाट्या दुकानात लावू नयेत. स्त्रीरोगांविषयीच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मनाई आहे.

देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या गावातून तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे स्त्रीची एका दिवसाची मजुरी बुडणे. रोवणीच्या हंगामात तर ती निघणारच नाही. म्हणून तिला पाठविताना कागद पूर्ण करून पाठवावा : वय, पाळी केव्हा गेली, गर्भाशय व बीजकोष आहेत की नाहीत, रक्तदाब, साखर, सिकलसेल, स्तनपरीक्षण, चालू औषधे आणि मुख्य तक्रार. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. हा कागद सोबत असेल, तर तेथील निर्णय बहुधा एकाच खेपेत होऊ शकेल. औषध सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी एकदा आणि पुढे दरवर्षी, ते अजून हवे आहे का, हे पाहण्याचे काम मात्र तिच्या गावाजवळच्या वैद्याचेच आहे.