व्याख्यान संपल्यावरचा अर्धा तास

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याच्या किंवा जैनदच्या विद्यार्थ्याला आज आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान घरबसल्या आणि फुकट ऐकता येते. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञानसंस्था यांचा ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम २००३ साली सुरू झाला. २०१७ मध्ये केंद्राने ‘स्वयं’ आणले, त्याच्या जोडीला घरच्या छत्रीवर दिसणाऱ्या ‘स्वयंप्रभा’च्या वाहिन्या आल्या. त्याच वर्षी तेलंगणानेही आपल्या जुन्या ‘मन टीव्ही’चे ‘टी-सॅट’ केले; तिची ‘निपुण’ वाहिनी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या चांगली परिचयाची आहे. म्हणजे व्याख्यान गावापर्यंत पोचवण्याचे काम बऱ्याच अंशी झाले. ते गावात मुरवण्याचे काम मात्र अजून हाती घेतलेलेच नाही. मुरण्यासाठी ओळखीची भाषा लागते, आणि ऐकून झाल्यावर त्यावर बोलायला चार माणसे लागतात. भाषेवरून आपण हमरीतुमरीवर येतो. त्या चार माणसांचा विषय कुणी काढत नाही.

भाषेचे दुखणे इथे जुने आहे. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे; पण पैनगंगेकाठच्या मराठी मुलाला, गोंड मुलाला किंवा तेलुगू मुलालाही ती भाषा आधी शिकून घ्यावी लागे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. सीमा आखली तरी सोयरीक, बाजार आणि बोली तिला जुमानत नाहीत, त्यामुळे नदीच्या दक्षिणेकडच्या कित्येक गावांत आजही घरात मराठीच बोलतात. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग भरवायला सुरुवात केली, तर तो मुख्यतः इंग्रजीत. उर्दू, तेलुगू, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून ज्ञान आले, आणि इथल्या मराठी घरांनी ते दारात उभे राहून ऐकले.

पण भाषा बदलली की काम झाले, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. याचा पुरावा मराठी मुलखातच मिळालेला आहे आणि त्याच १९५६ सालचा आहे. युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिक-नगरकडच्या सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळे उभी केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास शेती, आरोग्य आणि गावकारभारावर कार्यक्रम होई. वीसेक माणसे एकत्र बसून ऐकत, रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करत, आणि न सुटलेले प्रश्न पुण्याला लिहून पाठवत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने केली. त्याची मांडणी फार चोख होती. श्रोतामंडळाची गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना त्याने केली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती स्पष्टपणे वाढली. नुसता रेडिओ असलेली गावे मात्र त्यांच्या बरीच मागे राहिली. वक्ता तोच, मराठी तीच, लहरीही त्याच. फरक होता तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या वेळेचा.

साठ वर्षांनी अमेरिकेतून आलेले आकडे वेगळे काही सांगत नाहीत. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. त्याआधी, २०१३ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या ऑनलाइन विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांतले आठदशांशाहून अधिक आधीच पदवीधर निघाले. जे शिकलेले होते तेच आणखी शिकले. ज्याला आपला आपण अभ्यास करण्याची सवय आहे त्याला रेकॉर्ड केलेले व्याख्यान म्हणजे पर्वणीच, यात शंका नाही. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, त्याच्यासाठी मात्र दुव्यांची नुसती यादी पुरत नाही.

आदिलाबादच्या जिव्हाळ्याचाच विषय घ्यायचा तर कापूस घ्यावा. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी येत असे. ती शेताच्या कडेने पेरायची. पुष्कळांनी ती बांधावर फेकून दिली. पुडीमागचे विज्ञान विद्यापीठातला अभ्यासक वीस मिनिटांत समजावून देईल: बीटीचे विष पचवणाऱ्या मोजक्या अळ्यांचे पतंग एकमेकांशीच जुळले तर पुढची पिढीही विष पचवणारी होते, कडेच्या साध्या पऱ्हाटीवर वाढलेले पतंग त्यांच्यात मिसळले तर तो गुण लवकर पसरत नाही. गुलाबी बोंडअळीने शेवटी बीटीला दाद देणे बंद केले, त्यामागे हे एक कारण आहे. जास्तीच्या वेचणीसाठी शेतात राखलेली फरदड हे दुसरे. आता हे व्याख्यान एकट्याने मोबाइलवर ऐकणारा शेतकरी काय म्हणेल? पटले, पण शेजाऱ्याने फरदड ठेवली तर मी एकट्याने पऱ्हाटी उपटून काय उपयोग? प्रश्न अगदी रास्त आहे. पतंग बांध ओळखत नाही. म्हणून हे शास्त्र एका शेतकऱ्याला कळून भागत नाही, शिवाराला कळावे लागते, आणि शिवार कधी फरदड मोडायची हे बसूनच ठरवू शकते. तिथे विज्ञानाचा विषय आपोआप सार्वजनिक कारभाराचा होतो. बियाण्याचे धोरण, पीकविमा, दोन राज्यांतले वेगवेगळे नियम अशी पुढची चर्चा व्याख्यात्याला ढकलावी लागत नाही.

यावर आक्षेप येतीलच. तेलंगणात राहायचे तर तेलुगू शिकावी, मराठीचा हट्ट कशाला, हा पहिला. तेलुगू शिकायलाच हवी. नोकरी, कचेरी, न्यायालय तिच्याशिवाय चालत नाही, आणि इथली मराठी मुले ती शिकतातही. पण सही करण्यापुरती भाषा आणि शंका काढण्याची भाषा यांत अंतर असते, आणि नवा विचार पहिल्यांदा घरच्या भाषेतच उलटसुलट करून बघितला जातो. गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्यांबाबत तर हे दुपटीने खरे आहे. फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण सुरू केले आणि देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके काढली, ती हेच ओळखून. दुसरा आक्षेप यंत्राचा: आता संगणक कोणतेही व्याख्यान चुटकीसरशी मराठीत करून देतो. देऊ द्या की, भाषेचा खर्च वाचेल. पुण्याच्या प्रयोगात मात्र मराठी आधीपासूनच होती, तरी नुसत्या रेडिओने काम भागले नव्हते. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गावात सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा ठेवली की ती पक्षांच्या भांडणात जाते आणि मोठ्या आवाजाचा माणूस मैदान मारतो. हा धोका खरा आहे आणि तो पुरता टळणार नाही. पण आज चर्चा होत नाही असे थोडेच आहे? ती पारावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होतेच, फक्त समोर काहीही पुरावा नसताना होते. निदान अर्धा तास सर्वांनी तेच ऐकलेले असेल तर भांडणाला काही धरबंध राहतो.

साधन जवळपास आहे. कापसावर बोलू शकणारी अकोल्याची आणि परभणीची कृषी विद्यापीठे, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि नांदेडचे विद्यापीठ, सगळी मराठी मुलखातच आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने शाळकरी मुलांना खगोलशास्त्र समजावून देण्याची परंपरा वर्षानुवर्षे चालवली आहे. हैदराबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९८२ चे, देशातले पहिले. दूर राहून शिकणाऱ्यांना कसे सांभाळावे याचा अनुभव त्याच्याइतका फार थोड्यांकडे असेल. व्याख्याने रेकॉर्ड करणाऱ्या विद्यापीठांना एवढेच सांगणे आहे: तासभराचे भाषण वीस मिनिटांत बसवा, शेवटी गावाने आपसात सोडवायचे दोन प्रश्न ठेवा, आणि आलेल्या शंकांना पुढच्या भागात उत्तर द्या. आणि बेला, जैनद, भीमपूरकडच्या शिक्षकांनी व ग्रंथालय चालवणाऱ्यांनी विद्यापीठांची वाट न पाहता, आज उपलब्ध असलेले एखादे मराठी व्याख्यान निवडून पंधरा-वीस माणसे जमवावीत. त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही.