काकांचा पूल आणि गोठणारं पाणी

मेहरूण तलाव काही गोठत नाही, मग हा लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. (कॉन्व्हेंटची आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या!) माझे काका न्यू जर्सीत असतात. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या घरच्या स्विमिंग पूलचा पाइप फुटला. यंदा फोनवर म्हणाले, "मी सरळ पूल रिकामाच करतो." मी ओरडलेच, "काका, थांबा!"

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. ४ अंश सेल्सिअसचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी बसतं. म्हणून बर्फ वरून धरतो. उघड्या पूलमध्ये त्याला फुगायला वर जागा असते. पाइप, पंप, फिल्टरमध्ये अडकलेल्या पाण्याला ती नसते. फुटतं ते तिथेच.

म्हणून पाण्याची पातळी पाइपांच्या तोंडांखाली आणायची, ब्लोअरने हवा मारून पाइप कोरडे करायचे, बुचं लावायची, पंप-फिल्टरमधलं पाणी काढायचं आणि पूलवर कव्हर घालायचं. बाकी पाणी मात्र राहू द्यायचं. पूल पूर्ण रिकामा केला, तर जमिनीतलं पाणी त्याला होडीसारखं वर उचलू शकतं.

काकांनी ऐकलं. आणि मला वाटायचं, फ्लुइड मेकॅनिक्स फक्त केटी लागण्यासाठी असतं!