दृष्टिपटलावर उमटणारा मनाचा आजार

जालना शहराचे नाव रुग्णांच्या तोंडी येते ते मुख्यतः डोळ्यांच्या उपचारांसाठी, आणि त्यामागे महिको या बियाणे कंपनीचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्री गणपती नेत्रालयाचा मोठा वाटा आहे. मानसिक आजारांच्या बाबतीत मात्र मराठवाड्याची दीर्घकाळ उपेक्षा झाली. राज्याची चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे असून, जालन्यातील मनोरुग्णालयाला शासनाची मंजुरी अलीकडच्या काळातली आहे. या दोन वैद्यकशाखांचा एकमेकींशी संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, परंतु स्टीव्हन सिल्व्हरस्टीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा मोठा भाग याच संबंधाला वाहिलेला आहे.

आधी रटगर्स आणि २०२० पासून रॉचेस्टर विद्यापीठात काम करणाऱ्या सिल्व्हरस्टीन यांचा विषय स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास, भ्रम आणि विचारांची विस्कळीतता ही लक्षणे असलेला गंभीर मानसिक आजार. या आजारात कानी पडणाऱ्या आवाजांची चर्चा फार होते, पाहण्यातील बिघाडाची मात्र क्वचितच. वास्तविक विखुरलेल्या तुकड्यांतून एक आकृती जुळवणे अनेक रुग्णांना जड जाते. मुखवट्याची आतली, खोलगट बाजू समोर धरली तरी निरोगी मेंदू सवयीने तिला उठावदार चेहरा मानतो. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण या भ्रमाला कमी फसतात, कारण त्यांच्या मेंदूत पूर्वानुभवाची पकड सैल झालेली असते, असे मानले जाते.

पुढे हे संशोधन डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत, म्हणजे दृष्टिपटलापर्यंत पोहोचले. गर्भावस्थेत दृष्टिपटल मेंदूच्याच ऊतीपासून घडते, त्यामुळे शस्त्रक्रियेविना पाहता येणारा मध्यवर्ती मज्जासंस्थेचा हा एकमेव भाग आहे. प्रकाशकिरणांनी पडद्याच्या थरांची जाडी मोजणाऱ्या ओसीटी तपासणीत अनेक रुग्णांचे हे थर पातळ आढळले, तर प्रकाशाला पडद्याने दिलेला विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या ईआरजी तपासणीत तो प्रतिसाद क्षीण दिसला. मधुमेह आणि धूम्रपान यांचाही दृष्टिपटलावर परिणाम होतो आणि हे दोन्ही या रुग्णांत अधिक आढळतात, म्हणून या निष्कर्षांना आजाराची खूण म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या दोषामुळे जन्मांध असलेल्यांना स्किझोफ्रेनिया होत नाही, या जुन्या निरीक्षणाचाही सिल्व्हरस्टीन यांनी मागोवा घेतला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील पाहणीत ४,६७,९४५ मुलांपैकी १,८७० जणांना हा आजार झाला होता. दृष्टिकेंद्राच्या दोषामुळे अंध असलेल्या ६६ जणांत मात्र एकही रुग्ण नव्हता. सर्व मुलांत या आजाराचे प्रमाण हजारी चार इतके अल्प असल्याने ६६ जणांत एकही रुग्ण न सापडणे योगायोगानेही घडू शकते, आणि तो आकडा पुरावा म्हणून पुढे करणे घाईचे ठरेल.

रोगनिदानाची नवी चाचणी या संशोधनातून हाती येईल तेव्हा येईल. परंतु रुग्णाला अंधुक दिसते ही तक्रार मनाच्या आजारावर ढकलून न देता कुटुंबीयांनी आणि डॉक्टरांनी त्याचे डोळे वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावेत, विशेषतः त्याला मधुमेह असेल तर.