शीतक, संगणक प्रक्रियकाचा : कार्यक्षमता व आवाज यांची चाचणी

संगणकाच्या प्रक्रियकात निर्माण होणारी उष्णता शोषून ती हवेत सोडणाऱ्या साधनास प्रक्रियक शीतक म्हणतात. प्रक्रियकाला पुरविलेल्या जवळजवळ सर्व विद्युत् शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. ती निघून न गेल्यास तापमान मर्यादेस (बहुधा ९५° ते १००° से.) पोहोचते व प्रक्रियक आपला वेग आपोआप कमी करतो. शीतकाने किती उष्णता वाहून नेली व त्यासाठी किती आवाज केला, हे एकत्रितपणे पाहिल्यावरच त्याची गुणवत्ता ठरते.

रचना : प्रक्रियकावर टेकणारा तांब्याचा तळ, उष्णता-नलिका, त्यांवर ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे व पंखा हे शीतकाचे मुख्य भाग होत. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. परंतु तळासाठी पितळ उपयोगी पडत नाही. तांब्यात जस्त मिसळल्याने त्याची उष्णतावाहकता शुद्ध तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होते.

कार्यक्षमतेची चाचणी : प्रक्रियकावर ठराविक भार ठेवून तापमान स्थिर होईपर्यंत (सुमारे अर्धा तास) थांबतात. प्रक्रियकाच्या व पंख्यात शिरणाऱ्या हवेच्या तापमानांतील फरकाला शक्तीने भागले असता औष्णिक रोध मिळतो. १२५ वॉट शक्तीला ५०° से. वाढ झाल्यास रोध ०·४° से. प्रतिवॉट येतो. तळाखालील उष्णतावाहक लेपाचा थर व दाब प्रत्येक वेळी सारखा राहत नसल्याने शीतक पुन्हा पुन्हा बसवून सरासरी घेतात.

आवाजाची चाचणी : मानवी कानाच्या संवेदनक्षमतेस अनुसरून आवाज डेसिबेल (ए) मध्ये मोजतात. पार्श्वभूमीचा आवाज किमान १० डेसिबेलने कमी असावा लागतो. मापनाचे अंतर नमूद करणे आवश्यक असते. कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते. पंख्याचा वेग निम्मा केल्यास हवेचा प्रवाह निम्मा होतो, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. तळ, लेप व नलिका यांचा रोध प्रवाहावर फारसा अवलंबून नसल्याने तापमानवाढ दुप्पट होत नाही. मोठा व संथ पंखा शांत शीतकास सोयीचा ठरतो, तो यामुळेच. दोन शीतकांची तुलना समान आवाजाच्या पातळीवर करावी.

निष्कर्षांचा उपयोग : असे शीतक हवेच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. वरील उदाहरणातील प्रक्रियक २२° से.च्या प्रयोगशाळेत ७२° से.वर राहील, भंडारा जिल्ह्यातील मे महिन्याच्या दुपारी खोलीत ४२° से. तापमान असल्यास तो ९२° से.पर्यंत, म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळ जाईल. शिवाय अशा हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी असल्याने तेवढ्याच वेगाने पंखा कमी उष्णता वाहून नेतो. म्हणून केवळ अंतिम तापमान सांगणारा अहवाल अपुरा असतो. तापमानवाढ व हवेचे तापमान दोन्ही दिलेली असावीत. उन्हाळ्याच्या दुपारी खोलीतील वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर स्वतःच बराच आवाज करीत असल्याने प्रक्रियकाचा पंखा वाढविलेला जाणवत नाही. शांततेची खरी गरज थंडीतील रात्री भासते आणि तेव्हा हवा गार असल्याने संथ पंखाही पुरतो. तापमानानुसार वेग बदलणारा पंखा या प्रदेशात विशेष उपयुक्त आहे.