माणूस केव्हा पक्का होतो?



सिद्धेश्वरच्या धरणाकाठी मनुष्याच्या मनाच्या वाढीविषयी बोलायचे, तर आरंभ दूरदेशीच्या पंडितांपासून करण्याचे कारण नाही. तो आपल्या औंढ्याच्या वाटेवरच उभा आहे. संतमंडळी तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने त्यांचे थापटणे पाहिले आणि आमच्यापैकी कच्चे मडके कोणते ते सांगा, असे म्हटले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले. नामदेव दुखावले; पण अखेर औंढा नागनाथास येऊन विसोबा खेचरांचे शिष्य झाले. ही कथा आपण कीर्तनातून कित्येकदा ऐकली आहे. ज्या नरसीला आपण नामदेवांचे गाव म्हणतो, तेही याच जिल्ह्यात आहे.

आज या कथेकडे मी निराळ्या दृष्टीने पाहणार आहे. कारण तसले एक थापटणे आपणा सर्वांच्या हाती असते. बारावीत नापास झालेल्या पोराला आपण 'कच्चा' म्हणून मोकळे होतो. घरातील म्हाताऱ्याने काही सुचविले, की 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तयारच असते. मुले मार्गी लागल्यावर एखादी बाई काही शिकू म्हणाली, तर 'आता या वयात?' असे विचारायला शेजारणीही कमी पडत नाहीत. तेव्हा प्रश्न असा, की माणूस नेमका कोणत्या वयात पक्का होतो? आणि एकदा दिलेला निकाल कायमचा असतो काय?

आयुष्याचे टप्पे पाडण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास हे चार आश्रम म्हणजे आयुष्यभराच्या वाढीचा एक जुना नकाशाच होय. त्यात एक मोठे शहाणपण आहे: प्रत्येक वयाचे कर्तव्य निराळे, आणि म्हातारपणालाही स्वतःचे काम आहे. परंतु तो नकाशा कसे वागावे हे सांगतो, मन कसे वाढते हे सांगत नाही. शिवाय स्त्रिया आणि बहुजन समाज यांना त्यात स्वतंत्र स्थान नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

मन कसे वाढते हे प्रत्यक्ष मुलांकडे पाहून सांगणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे (1896–1980) हे अग्रगण्य. त्यांचा एक प्रयोग आपण घरी करून पाहावा. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. एका पेल्यातले पाणी मुलादेखत उंच, अरुंद भांड्यात ओता आणि आता पाणी कशात जास्त आहे, असे विचारा. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उंच भांड्याकडे बोट दाखवील. सात-आठ वर्षांचे मूल हसून सांगेल, की पाणी तेवढेच आहे. लहान मूल येथे मूर्ख ठरत नाही. त्याच्या विचाराची रीतच वेगळी असते, हे पियाजे यांचे म्हणणे. पुढील संशोधकांनी दाखवून दिले, की प्रश्न सोप्या रीतीने विचारला तर मुले पियाजे समजत होते त्याहून लवकर उमज दाखवितात. रशियातील लेव्ह व्हिगोट्स्की यांनी त्यात महत्त्वाची भर घातली: आज मूल जे दुसऱ्याच्या मदतीने करते, तेच उद्या ते एकट्याने करील. मडके बाहेरून थोपटताना कुंभार आतून आधार देतो, तशातलाच हा प्रकार.

बाल्यानंतरची वाढ समजावून सांगण्याचे श्रेय मुख्यतः एरिक एरिक्सन (1902–1994) यांना जाते. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तान्ह्या मुलाला जगाविषयी विश्वास वाटतो की नाही, येथून आरंभ. मग स्वतःच्या पायांवर उभे राहणे, पुढाकार घेणे, कामात हात बसणे. तारुण्याच्या उंबरठ्यावर 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर. पुढे दुसऱ्याशी जिव्हाळ्याचे नाते. मध्यम वयात पुढच्या पिढीची जोपासना. आणि अखेरीस, जगलो त्या आयुष्याचा समाधानाने स्वीकार. प्रत्येक टप्प्यावर एक पेच असतो आणि तो सुटण्यात घरादाराचा व समाजाचा हात असतो.

मग एखादा टप्पा हुकला तर? याचे उत्तर आपल्या कालव्यावरचा शेतकरी चांगले देईल. पाण्याची एक पाळी चुकली, की पिकाला फटका बसतो. पुढच्या पाळीला मेहनत दुप्पट लागते. पण म्हणून रान कायमचे पडीक होत नाही. एरिक्सन यांचे म्हणणेही काहीसे असेच आहे. मागे राहिलेला पेच पुढील वयात पुन्हा सोडविता येतो.

याचे उदाहरण म्हणून महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पाहा. जन्म 1858 चा. किशोरवयात परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. हेही एक थापटणेच! मॅट्रिक होईपर्यंत 1881 साल, म्हणजे तेविसावे वर्ष उजाडले. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाचा बहिष्कार सोसला. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे कार्य सुरू झाले. महिला विद्यापीठ स्थापन झाले 1916 साली, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आपल्याकडे ज्या वयात नोकरदाराला निरोपाचा नारळ देतात, त्या वयात. ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि 1944 मध्ये समता संघ काढला तेव्हा शहाऐंशी. 1962 साली, एकशे चौथे वर्ष पूर्ण करून, त्यांनी देह ठेवला.

कोणी म्हणेल, कर्वे पुरुष होते आणि शिकलेलेही. तर मग अनुताई वाघांकडे पाहा. तेराव्या वर्षी लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. त्या काळच्या समाजाच्या लेखी त्यांचे आयुष्य तेथेच संपले होते. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि 1945 मध्ये, पस्तीस वर्षांच्या असताना, बोर्डीला ताराबाई मोडकांच्या कार्यात सामील झाल्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना तेथे रुजली; पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते काम वाढले. स्वतःचे बाल्य अकाली संपलेल्या बाईने हजारोंचे बाल्य जपले.

आता म्हातारपणाविषयी दोन शब्द. अमेरिकेतील सिअॅटल शहरी वॉर्नर शाय यांनी 1956 पासून त्याच त्या माणसांची दर सात वर्षांनी पाहणी केली. तीतून असे दिसले, की कामाचा झपाटा आधी मंदावतो. परंतु शब्दांची जाण यांसारख्या शक्ती बहुतेकांच्या बाबतीत साठीपर्यंत टिकतात. म्हणजे आपली ती म्हण बहुतांशी खोटीच. जर्मनीचे पॉल बाल्टेस (1939–2006) यांनी याचे सार असे काढले, की वाढ आणि झीज या प्रत्येक वयात एकत्रच चालतात. शहाणा म्हातारा कामे कमी करतो, निवडलेल्या कामांचा सराव वाढवितो, आणि जे उणे पडले त्याची भरपाई दुसऱ्या युक्तीने करतो. अर्थात यासाठी दारिद्र्य आणि दुखणी यांतून थोडी उसंत मिळावी लागते. ती मिळवून देणे हे समाजाचे काम.

श्रोतेहो, मडक्याची उपमा येथवर उपयोगी पडली. पुढे मात्र ती सोडली पाहिजे. मडके एकदा भाजले, की त्याची घडण संपते; माणसाची संपत नाही. खुद्द नामदेवच औंढ्याला 'पक्के' होऊन थांबले नाहीत. उत्तर आयुष्यात ते परमुलखात, पंजाबात गेले, तेथील भाषेत रचना करू लागले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आदराने विराजमान झाली. घुमान येथे आजही त्यांचे स्मारक आहे.

म्हणून घरी गेल्यावर नापास झालेला मुलगा, शिकू इच्छिणारी सून आणि ओट्यावर बसलेले आजोबा यांच्याकडे पुन्हा एकदा पाहा. थापटणे मारून परीक्षा घेणे गोरोबाकाकांना शोभत होते; ते कुंभार होते आणि त्यांचा दुसरा हात मडक्याच्या आत असे. आपला दुसरा हात कोठे आहे, एवढे प्रत्येकाने तपासावे, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.